‘पहिली येईल’ आणि ‘पहिली यावी’ : हंगामपूर्व क्रमवारीच्या वादाचा भाषिक विचार

कबड्डीचा हंगाम उभा राहण्यापूर्वी महिना-पंधरा दिवस रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळांत, एस. टी. स्थानकावर आणि चहाच्या दुकानांत एक वाद हटकून सुरू होतो. यंदा कोणता संघ पहिला, कोणता दुसरा आणि कोणता शेवटचा, हा त्या वादाचा विषय. हा जिल्हा कबड्डीचा असल्यामुळे वाद घालणारे केवळ प्रेक्षक नसतात. त्यांतील अनेकांनी स्वतः चढाया केलेल्या असतात, गुडघे फोडून घेतलेले असतात. तरीही हा वाद सहसा मिटत नाही. पुरावे दोन्ही बाजूंना असतात, माहितीही तोडीस तोड असते. आणि अखेरीस एक पक्ष दुसऱ्याला ‘तुला खेळातले कळत नाही’ असे म्हणून उठून जातो. वाद न मिटण्याचे कारण खेळाविषयीच्या अज्ञानात शोधण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते बऱ्याच अंशी वाक्याच्या क्रियापदात दडलेले असते, असे दाखविणे हा या टिपणाचा हेतू आहे.

प्रथम नामाचा विचार केला पाहिजे. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर ‘क्रमवारी’ आणि ‘मानांकन’ हे दोन शब्द रूढ आहेत. त्यांपैकी ‘क्रमवारी’ हा शब्द बराचसा निःसंदिग्ध आहे : एकामागून एक लावलेली यादी. ‘मानांकन’ या शब्दावर मात्र तीन निरनिराळी ओझी लादली गेली आहेत. ‘अव्वल मानांकित खेळाडू’ असे म्हटले जाते तेव्हा स्पर्धेची सोडत काढताना ज्याला वरचे स्थान दिले त्याचा, म्हणजे इंग्रजीतील सीडिंगचा, निर्देश असतो. ‘जागतिक मानांकनात तिसरा’ असे म्हटले जाते तेव्हा रँकिंग अभिप्रेत असते. आणि ‘पतमानांकन’ या अर्थशास्त्रीय शब्दात तर कसलाही क्रम नसून दर्जाची श्रेणी, म्हणजे रेटिंग, अभिप्रेत असते. या तीन कल्पना परस्परांहून मूलतः भिन्न आहेत. श्रेणी एकाच वेळी दहा जणांना सारखी देता येते. क्रमात दोघांना एक जागा देणे हा अपवाद होय. आणि सोडतीतील मानांकन हे तर वर्णनच नव्हे, ती एक कृती आहे.

हा शेवटचा मुद्दा गावच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सर्वांत स्पष्ट दिसतो. आठ संघांच्या स्पर्धेत आयोजकांनी पहिला व दुसरा ठरविलेला संघ दोन भिन्न अर्ध्यांत टाकला जातो, जेणेकरून त्यांची गाठ अंतिम सामन्यापूर्वी पडू नये. पहिल्याला पहिल्या फेरीत आठवा भेटतो. म्हणजे आयोजकाने ‘हा संघ दुसरा’ असे म्हणताच त्या संघाची वाट सुकर होते, आणि त्याच्या दुसऱ्या येण्याला त्या म्हणण्याचाच हातभार लागतो. येथे विधान खरे की खोटे हा प्रश्न गौण ठरून ते न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न मुख्य होतो. सोडतीवरून मंडळांत जी भांडणे जुंपतात ती म्हणूनच रास्त असतात. तेथे खरोखर काही पणाला लागलेले असते. याउलट प्रो कबड्डी लीगसारख्या साखळी स्पर्धेत, जेथे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, बाहेरच्या कोणी केलेल्या क्रमवारीने सामन्यावर काहीही परिणाम होत नाही. तेथील क्रमवारी हे निव्वळ विधान असते. मग ते कशाचे विधान?

येथे आख्याताकडे वळणे भाग आहे. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) आख्यातांना अर्थावरून नव्हे, तर प्रत्ययांवरून नावे देण्याचा मार्ग पत्करला : ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात इत्यादी. (दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू, केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड हे याच जिल्ह्यातले, हे येथील विद्यार्थ्यांना सांगावयास नको.) ही नावे कानाला ओबडधोबड लागतात खरी, पण त्यांमागे मोठी सावधगिरी आहे. एकच रूप निरनिराळ्या अर्थांनी वापरले जात असता त्याला ‘भविष्यकाळ’ किंवा ‘विध्यर्थ’ असे अर्थाचे नाव देऊन टाकले की, त्याचे बाकीचे अर्थ नजरेआड होतात. हंगामपूर्व वादात नेमके हेच घडते.

पुढील वाक्ये पाहावीत :

पलटण पहिली आहे.
पलटण पहिली येईल.
पलटण पहिली येणार.
पलटण पहिली यावी.

पहिले वाक्य वर्तमानाविषयी आहे. आज जे खेळाडू संघात आहेत त्यांच्या बळाचा तो हिशेब. पुढे काय घडेल याची हमी त्यात नाही. दुसरे ईलाख्याताचे. त्यात भाकीत आहे, पण ‘बहुधा’ हा शब्द त्याच्या शेजारी सुखाने नांदतो. तिसऱ्या ‘-णार’ रूपात निश्चितीचा किंवा पूर्वनियोजनाचा रंग आहे. ‘गाडी सहाला येईल’ आणि ‘गाडी सहाला येणार’ या दोहोंतील अंतर मराठी भाषकाला सांगावे लागत नाही. दुसऱ्यात वेळापत्रकाचा आधार डोकावतो. हंगामाला मात्र तसले वेळापत्रक नसते, आणि तरीही वादाचा पारा चढला की ‘येईल’चे ‘येणार’ होते, ‘येणार’चे ‘येणारच’ होते, आणि शेवटी लाख्यात अवतरते : ‘आलीच म्हणून समज!’ भूतकाळाचे रूप वापरून भविष्य सांगण्याची ही मराठीतील परिचित ढब आहे. दारातून ‘आलोच’ म्हणणारा मनुष्य अजून निघालेलाही नसतो.

खरी गुंतागुंत चौथ्या वाक्यात आहे. वाख्यात हे इच्छेलाही चालते आणि तर्कालाही. ‘तो प्रामाणिक असावा’ या वाक्याचा अर्थ ‘तो प्रामाणिक आहे असे वाटते’ असाही होतो आणि ‘त्याने प्रामाणिक राहिले पाहिजे’ असाही. ‘पलटण पहिली यावी’ हे शब्द ‘असे दिसते’ आणि ‘अशी इच्छा आहे’ या दोन्ही पुच्छांशी सारखेच जुळतात. ‘येईल’ला ही मुभा नाही : ‘पलटण पहिली येईल असे दिसते’ हे ठीक, परंतु ‘पलटण पहिली येईल अशी इच्छा आहे’ हे कानाला खटकते. ‘यायला हवी’ आणि ‘यायला पाहिजे’ यांचीही तीच गत. आणि हे सारे ज्या शब्दात सामावते तो ‘अपेक्षा’ हा शब्द तर उघडच दुतोंडी आहे. पुण्याचा माणूस पलटणीविषयी आणि गिरणगावाशी नाते असलेला चाकरमानी यू मुंबाविषयी ‘यावी’, ‘यायला पाहिजे’ असे बोलतो, तेव्हा इच्छा कोठे संपली आणि अंदाज कोठे सुरू झाला हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. ऐकणारा मात्र त्या वाक्याला अंदाज समजून त्याचे खंडन करू लागतो. इच्छेचे खंडन होत नसते; वाद मिटत नाही तो यामुळे.

अंदाजापुरते बोलायचे तर तो किती भरवशाचा असतो, हे तपासून पाहता येते. सर्वांत सोपा नियम असा : गेल्या वर्षीचा विजेता यंदाही पहिला. प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली आणि २०१७ च्या पाचव्या हंगामापासून संघ बारा झाले. २०२५ पर्यंत बारा हंगाम झाले, म्हणजे हा नियम अकरा वेळा कसोटीला लागला. तो खरा ठरला तो केवळ दोनदा, आणि दोन्ही वेळा पाटणा पायरेट्सच्या बाबतीत. त्यांनी तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन हंगाम लागोपाठ जिंकले. अकरांत दोन हे प्रमाण दिसायला हास्यास्पद आहे. परंतु डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती तर आठ संघांच्या तीन आणि बारा संघांच्या आठ हंगामांत मिळून सुमारे एकदाच नाव बरोबर आले असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नियम अगदीच पोकळ नाही. फक्त त्याच्या बळावर ‘येणारच’ म्हणण्याइतका तो भक्कम नाही. अकरा हा आकडाही फार मोठा नव्हे.

दुसरा लोकप्रिय नियम लिलावाचा. ज्याने सर्वांत महाग चढाईपटू घेतला त्याचे पारडे जड. नवव्या हंगामापूर्वी (२०२२) तमिळ थलायवाजने पवन सेहरावत याच्यासाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. संघाला खेळाडूंवर खर्चावयाची एकूण मर्यादा ४ कोटी ४० लाख होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकावर. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामास मुकला. तरीही संघ इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. तो खेळला आणि संघ बाराव्या जागी राहिला. ‘पवन खेळला असता तर थलायवाज कोठल्या कोठे गेले असते’ हे वाक्य २०२२ साली अखंडनीय होते. ‘असता-असती’ची रूपे जे घडले नाही त्याविषयी बोलतात, आणि न घडलेल्याचा पडताळा कोण घेणार! दुसऱ्या वर्षाच्या गुणतक्त्याने त्या वाक्याला खोटे ठरविले असे तर्कशास्त्र म्हणू देणार नाही, कारण संघ निराळा होता. पण त्याचा आवाज खाली आणला एवढे निश्चित.

हंगामापूर्वीचा ‘तर’ हाही त्याच जातीचा. ‘बचावफळी टिकली तर पलटण पहिली’ यात ‘टिकली’ म्हणजे काय, हे अगोदर ठरलेले नसते. हंगाम संपल्यावर संघ खाली राहिला की ‘टिकली नाही ना!’ असे म्हणून भाकीत सहीसलामत सुटते. अशा वाक्याला भाकीत म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय.

क्रमवारीचा आणखी एक दोष क्रमवाचक विशेषणांच्या स्वभावातून येतो. ‘पहिला, दुसरा, तिसरा’ हे शब्द अंतर सांगत नाहीत. दहाव्या हंगामाच्या साखळीत पुणेरी पलटणीचे ९६ गुण झाले आणि जयपूर पिंक पँथर्सचे ९२. विजयाला पाच गुण मिळण्याची तेव्हाची पद्धत लक्षात घेता हे अंतर एका सामन्याहूनही कमी होते. मराठीत अशा अंतराला ‘एकोणीस-वीस’ म्हणतात, पण तक्त्यात ते ‘पहिला-दुसरा’ म्हणूनच छापले जाते. पाचव्या स्थानावरील हरयाणा स्टीलर्सचे गुण ७० होते, आणि अंतिम सामन्यात पलटणीसमोर उभा ठाकला तो हाच संघ. पलटण २८-२५ अशी जिंकली.

याहून खोल प्रश्न तुलनेचा आहे. तुलनेसाठी मराठीत ‘डावे-उजवे करणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि डावे-उजवे दोघांतच होते. बारा संघांच्या अशा जोड्या होतात ६६. क्रमवारी करणारा या ६६ जोड्यांचे निकाल एका सरळ रेषेत बसवू पाहतो, आणि अशा रेषा ४७,९०,०१,६०० प्रकारांनी आखता येतात. पण ‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला आणि ‘क’ने ‘अ’ला हरविणे हे कबड्डीत नित्याचे आहे. एखाद्याची पकड एकाच शैलीच्या चढाईवर चालते, दुसऱ्याची दुसऱ्या. अशा वर्तुळाला कोणतीही सरळ यादी न्याय देऊ शकत नाही. म्हणजे दोन प्रामाणिक जाणकारांच्या याद्या भिन्न असण्यात अज्ञान असेलच असे नाही.

हा व्यवहार केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत फुटबॉल नावाच्या, पण मुख्यतः हाताने खेळल्या जाणाऱ्या खेळात तो फार वाढला आहे. तेथे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने महाविद्यालयीन संघांची मतांवर आधारलेली क्रमवारी १९३६ पासून नियमित आणि हंगामापूर्वीची १९५० पासून प्रसिद्ध केली. व्यावसायिक संघ ३२. २०२१ पासून प्रत्येकाचे साखळी सामने अवघे सतरा. एवढ्या थोड्या सामन्यांत दैवाला बराच वाव राहतो. सेंट लुइस रॅम्स हा संघ १९९८ साली चार सामने जिंकून बारा हरला होता. १९९९ च्या सराव सामन्यातच त्याचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन जायबंदी झाला. आणि कर्ट वॉर्नर या अपरिचित खेळाडूच्या हाती सूत्रे जाऊन तोच संघ जानेवारी २००० मध्ये विजेता ठरला. त्या हंगामापूर्वी ‘रॅम्स पहिले यावेत’ असे म्हणणाऱ्याचा ‘यावेत’ कोणत्या अर्थाचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मराठी रूपांपुरती एक गोष्ट सांगावयाची राहते. ‘येईल’ हे रूप लिंग दाखवीत नाही. ‘यू मुंबा दुसरा येईल’ की ‘दुसरी येईल’ याची अडचण विशेषणापाशीच थांबते, आणि ‘दुसऱ्या क्रमांकावर येईल’ असे म्हटले की तीही सुटते. निकाल लागला की मात्र लाख्यात लिंग मागते : आला, आली की आले? सिंधुदुर्गाच्या मालवणीत तर ही सूट भविष्यातही नाही. तेथे ‘येतलो’, ‘येतली’ असे लिंग आधीच ठरवावे लागते. पलटणीचे लिंग शब्दानेच ठरविले आहे. युरोपीय लष्करी शब्दावरून आलेला हा शब्द मराठीत केव्हाचाच स्त्रीलिंगी होऊन बसला. घरगुती बोलण्यात त्याचे ‘पलटणीने’ असे सामान्यरूपही होते. वृत्तपत्रे मात्र त्याला विशेषनाम मानून ‘पलटणने’ असे छापतात. दहाव्या हंगामात ही पलटण विजेती झाली, अकराव्यात आठवी राहिली, आणि बाराव्यात पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. आठवीवरून दुसरीवर येईल असे त्या वर्षी ज्यांनी म्हटले होते, त्यांत ‘येईल’वाले किती आणि ‘यावी’वाले किती, हे मोजावयाचे तर वाद चालू असतानाच्या बोलण्याची नोंद हवी. हंगाम संपल्यावर विचारले तर प्रत्येक जण ‘येईल’च म्हटले होते असे सांगतो.