दुरुस्त मोटारीची परीक्षा

चेन्नईहून बंगळुरूकडे निघाले म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूर लागते. भाविकांस हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. यंत्रप्रेमी मंडळी त्यास मोटारींचे माहेर मानतात. जवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ साली पहिली मोटार बाहेर पडली. ओरगडमला २०१० साली रेनो आणि निस्सान यांनी आपला कारखाना उभारला. हाच महामार्ग पुढे बेळगाव, कोल्हापूर, पुणे करीत मुंबईस पोहोचतो. तेव्हा येथे जन्मलेल्या एखाद्या मोटारीने खंबाटकीच्या घाटात टक्कर खावी, यात नवल ते कोणते? प्रश्न पुढेच उभा राहतो. गॅरेजमधून चकचकीत होऊन आलेली ती मोटार खरोखरच बरी झाली आहे, की केवळ बरी दिसते आहे?

याचा निवाडा करावयाचा तर कारखान्यातील काम आधी ध्यानी घेतले पाहिजे. पोलादी पत्र्याचे शेकडो तुकडे हजारो ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडले जातात. मग तो सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर अस्तर चढवितात व दीडशे अंशांहून अधिक उष्णतेत ते भाजून काढतात. त्यामुळे आतल्या पोकळ्यांतही रंग पोहोचतो. गॅरेजला हे साधणे शक्य नाही. वायरी, रबर, प्लॅस्टिक जागच्या जागी असल्याने तेथील भट्टी साधारणतः साठ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. म्हणून जेथे पत्रा कापून जोडला, तेथे आतून गंजरोधक द्रव फवारला की नाही आणि सांध्यात सीलर भरला की नाही, हे विचारलेच पाहिजे. मुंबई, कोकण किंवा चेन्नईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर ते अवश्य विचारावे.

बाह्य परीक्षा सोपी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात मोटारीच्या कडेला उभे राहून पत्र्यावरचे प्रतिबिंब पाहावे. सरळ रेषा जेथे लहरते तेथे हात फिरला आहे. दरवाजे, बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत का, तेही पाहावे. दरवाजाच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील, तर रबर न काढताच फवारणी झाली असे समजावे. पत्रा न ठोकता खड्डा पुट्टीने भरला असल्याची शंका आली, तर लहानसा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लावून पाहावा. पुट्टीच्या जाड थरावर तो नीट धरत नाही. (बंपरवर हा प्रयोग करू नये, तो बहुधा प्लॅस्टिकचा असतो!) रंगाची जाडी मोजणारे उपकरणही मिळते. मूळ रंग साधारणपणे शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाच्या आगेमागे, भरतो.

तथापि रंगाचा दोष फार तर डोळ्यांस खुपतो. खरे भय आहे ते आतल्या सांगाड्याचे. समोरच्या लांब पट्ट्या टक्कर होताच ठराविक रीतीने चुरडाव्यात आणि माणसे बसतात तो भाग मात्र अभंग राहावा, अशी त्यांची रचना असते. आजकाल त्या भागात वापरण्यात येणारे अतिबळकट पोलाद तापवून सरळ करू गेल्यास त्याचे बळच जाते. २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप'च्या चाचण्यांत ताशी चौसष्ट किलोमीटर वेगाने मोटार अडथळ्यावर आदळवून तारे बहाल केले जातात. ते तारे कारखान्यातून आलेल्या मोटारीचे. गॅरेजात साखळीने ओढून सरळ केलेल्या मोटारीची अशी परीक्षा कोणी घेत नाही. ती पुढच्या अपघातातच होते आणि त्या वेळी आत आपली माणसे असतात.

म्हणून सांगाडा मोजपट्टीच्या बाकावर चढवून उत्पादकाच्या मापांशी ताडून पाहिला काय, हा प्रश्न टाळू देऊ नये. सामान्य मनुष्यास त्याचा अंदाज चाकांवरूनही येतो. पुष्कळशा लहान मोटारींत चाकाचा उभा कल फिरवून बदलण्याची सोय नसते. अलाइनमेंटच्या यंत्रावर तो मर्यादेबाहेर आला, तर सस्पेन्शनचा एखादा भाग किंवा सांगाडा वाकडा राहिला आहे. त्याचप्रमाणे किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो सतत जळत राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही, तर बिघाड झाकण्यासाठी कोणी दिवाच काढला नाही ना, हे पाहावे.

तमिळनाडूत पत्र्याच्या या कामास 'टिंकरिंग' म्हणतात, आपल्याकडे 'डेंटिंग'. दोन्ही ठिकाणी निष्णात कारागीर आहेत आणि दोन्ही ठिकाणी घाईही आहे. माझ्या एका मोटारीचा मागील भाग अशाच एका गॅरेजात इतका सुबक रंगविला गेला, की पाहणारे वाहवा करीत; पहिल्याच पावसात स्टेपनीच्या खळग्यात दोन बोटे पाणी साचले. तेव्हापासून ताबा घेण्यापूर्वी मी मोटारीवर नळी धरावयास लावतो.

विम्याचा हिशेबही आधीच उमगून घ्यावा. नेहमीच्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट कापली जाते, काचेवर ती नसते. पैसे वाचविण्याच्या भरात जुना भाग जोडून नव्याचे बिल लावले जाऊ नये, यासाठी काढलेले भाग दाखविण्यास सांगावे. मोटार उघडी असतानाची छायाचित्रे आणि अलाइनमेंटचा दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा कागद मागून घेऊन नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवावेत. मोटार पुढे विकली, तर ते नव्या मालकाच्या हाती द्यावेत.