नाव एकाच डिस्टिलरीचे, चव मात्र वेगळी : स्वतंत्र बॉटलरांची सिंगल माल्ट स्कॉच

लेबलवर डिस्टिलरीचे नाव एकच, वयही तेच. तरीही दोन बाटल्यांतील सिंगल माल्ट स्कॉचचा रंग, गंध आणि चव निराळी असू शकते. बहुधा यातील एक बाटली डिस्टिलरीने स्वतः भरलेली असते, तर दुसरी ‘स्वतंत्र बॉटलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी संस्थेने. भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. या पार्श्वभूमीवर अशा बाटल्यांमधील फरक समजून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून तयार झालेली आणि स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट स्कॉच. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. पाणी आणि रंगासाठी साधे कॅरामल यांखेरीज काहीही मिसळण्यास कायद्याने परवानगी नाही. २३ नोव्हेंबर २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करण्याचे बंधन आहे. त्यामुळे भारतात आणून भरलेली स्कॉच ‘सिंगल माल्ट’ म्हणून विकता येत नाही. हे सर्व नियम स्वतंत्र बॉटलरांनाही तंतोतंत लागू आहेत.

या व्यवसायाची परंपरा जुनी आहे. कॅडनहेड ही संस्था १८४२ मध्ये ॲबरडीन येथे, तर गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ मध्ये एल्गिन येथे सुरू झाली. सिग्नेटरी १९८८ पासून या क्षेत्रात आहे. बॉटलर डिस्टिलरीकडून किंवा दलालामार्फत भरलेली पिंपे विकत घेतात, किंवा स्वतःच्या रिकाम्या पिंपांत ताजे मद्य भरून घेतात, आणि ते योग्य वाटेल तेव्हा बाटल्यांत उतरवतात.

डिस्टिलरीला दरवर्षी तीच चव द्यायची असते. त्यासाठी अनेक पिंपांतील व्हिस्की एकत्र करून तिचा समतोल साधला जातो. स्वतंत्र बॉटलर अनेकदा एकाच पिंपातील व्हिस्की विकतो. २५० लिटरच्या पिंपातून साधारणतः दोनशे ते तीनशे बाटल्या निघतात. त्या संपल्या की तीच चव पुन्हा मिळत नाही. बर्बनचे पिंप व्हॅनिलाचा गोडवा देते, शेरीचे पिंप सुक्या मेव्याची छटा देते, तर अनेकदा वापरलेले पिंप मूळ मद्याचा स्वभाव फारसा झाकत नाही. आयला बेटावरील कोल ईला हे याचे बोलके उदाहरण. तिचे बहुतांश मद्य मिश्र व्हिस्कीसाठी जाते. डिस्टिलरीची स्वतःची बारा वर्षांची व्हिस्की ४३ टक्क्यांची असते. स्वतंत्र बॉटलरांकडे तीच ५५ टक्क्यांच्या पुढे, पाणी न घालता भरलेलीही आढळते.

याच कारणाने तुलना करताना मद्यार्काचे प्रमाण समान करणे ही पहिली अट ठरते. अन्यथा तीव्रतेलाच गुणवत्ता समजण्याची चूक होते. ५७.५ टक्क्यांच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत साडेसात मिलिलिटर पाणी घातल्यास ती सुमारे ४६ टक्क्यांवर येते. दोन्ही नमुने एकाच आकाराच्या, तोंडाशी निमुळत्या ग्लासांत, बर्फाविना घ्यावेत. ग्लासांना केवळ क्रमांक द्यावेत आणि नावे झाकून ठेवावीत. धुरकट व्हिस्की शेवटी घ्यावी, कारण तिचा गंध नाकात रेंगाळतो. मिश्रणतज्ज्ञ तर व्हिस्की सुमारे २० टक्क्यांपर्यंत सौम्य करून मुख्यतः नाकानेच पारखतात. त्यामुळे प्रत्येक घोट गिळण्याची गरज नसते.

लेबलवर मद्य गाळल्याचे व बाटलीत भरल्याचे वर्ष, पिंपाचा प्रकार व क्रमांक आणि बाटल्यांची संख्या पाहावी. गडद रंग म्हणजे उत्तम व्हिस्की, असे नव्हे. थंड करून न गाळलेली व्हिस्की पाणी घातल्यावर धूसर झाली, तर तो दोष नाही. डिस्टिलरीचे नाव न देता केवळ ‘स्पेसाइड’ असा प्रदेश लिहिलेला असल्यास ते बहुधा व्यापारी कराराचे बंधन असते.

या व्यवसायापुढे आता पुरवठ्याचा प्रश्न आहे. २०२४ पासून इतर डिस्टिलऱ्यांच्या मद्याने नवी पिंपे भरणार नसल्याचे गॉर्डन अँड मॅकफेलने २०२३ मध्ये जाहीर केले. जुना साठा अनेक वर्षे विक्रीस येत राहील. पण दुर्मीळतेपोटी किंमत वाढते, चव नव्हे. एक पिंप अप्रतिम निघते, तर शेजारचे सामान्य. म्हणून महाग बाटली घेण्यापूर्वी शक्य असेल तेथे लहान नमुना चाखून, त्याच डिस्टिलरीच्या नेहमीच्या बाटलीशी तो ताडून पाहणे श्रेयस्कर.