पत नसलेल्यांची पत

सान फ्रान्सिस्को शहराच्या मिशन नावाच्या भागात मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वाडोर या देशांतून आलेली कुटुंबे पुष्कळ वर्षांपासून राहत आली आहेत. तेथील रस्त्यांवर तामाले नावाचा एक पदार्थ विकला जातो. मक्याच्या पिठात मांस किंवा भाजी भरून, कणसाच्या सालीत गुंडाळून तो वाफवितात. गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, त्याची आठवण करून देणारा हा प्रकार. तो करणाऱ्या स्त्रीच्या हाताला चव असते, ठरलेली गिऱ्हाइके असतात आणि पहाटे चार वाजता उठण्याची तयारी असते. पण रस्त्यावरच्या टोपलीतून गाळ्यापर्यंत जावयाचे म्हटले की तिच्यापुढे भांडवल, स्वयंपाकघर आणि परवाना असे तीन अडसर उभे राहतात.

भांडवलासाठी ती बँकेत गेली, तर बँक तिच्या स्वभावाची चौकशी करीत नाही. ती नोंद पाहते. अमेरिकेत इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या संस्था कर्जदारांच्या परतफेडीचा इतिहास ठेवतात आणि त्यावरून माणसाच्या पतीचा आकडा ठरतो. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही, त्याचा आकडाही नाही. दहा वर्षे घरभाडे न चुकता दिले, गावी आईला दरमहा पैसे पाठविले, या गोष्टी त्या वहीत सहसा येत नाहीत. म्हणजे कर्ज मिळण्यासाठी आधी कर्ज फेडलेले असावे लागते! नवख्या माणसाची कोंडी होते ती येथे. मग सावकार आहेतच, आणि त्यांचे व्याज कोणत्याही देशात हलके नसते.

या कोंडीतून वाट काढण्याची एक जुनी रीत हे लोक घरून घेऊन येतात. मेक्सिकन तिला तांदा म्हणतात, कॅरिबियन बेटांवरचे लोक सुसू, चिनी हुई, कोरियन ग्ये, इथिओपियाचे लोक इकुब. मराठी गृहिणीस यांपैकी एकही नाव ठाऊक नसले तरी वस्तू मात्र चांगली परिचयाची आहे. ती आपली भिशी. दहा जणींनी दरमहा शंभर डॉलर काढावयाचे आणि प्रत्येक महिन्याला एकीने हजार उचलावयाचे. जिला भिशी पहिल्या महिन्यात लागते, तिच्या दृष्टीने ते बिनव्याजी कर्ज. जिला शेवटी लागते, तिची ती सक्तीची बचत. ना तारण, ना जामीन. ओळख हेच तारण. इव्हान लाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, चिनी, जपानी आणि वेस्ट इंडियन स्थलांतरितांची लहान दुकाने उभी राहण्यात अशा मंडळ्यांचा मोठा वाटा होता.

तथापि भिशीत एक उणीव आहे. ती चार भिंतींच्या आत चालते. बाई पंधरा वर्षे एक हप्ता न चुकविता भिशी भरीत आली, तरी बँकेच्या लेखी तिने काहीच केलेले नसते.

मिशन भागात लेव्ही स्ट्रॉस कंपनीचा व्हॅलेन्सिया रस्त्यावरचा जुना कारखाना २००२ मध्ये बंद झाला. पुढे कंपनीच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या निधीतून २००७ साली मिशन अॅसेट फंड ही संस्था निघाली. तिचे प्रमुख होझे किन्योनेस हे स्वतः लहानपणी मेक्सिकोतून कागदपत्रांशिवाय आलेले. त्यांनी नवी योजना आखण्यापेक्षा तांदालाच कागदावर आणले, आणि ही कल्पना जितकी साधी तितकीच समर्पक होती. २००८ पासून संस्थेने मंडळे सुरू केली. प्रत्येक सभासद वचनचिठ्ठीवर सही करतो, हप्ता बँकेच्या खात्यातून परस्पर वळता होतो आणि प्रत्येक हप्त्याची नोंद त्या तीन पतसंस्थांकडे जाते. व्याज शून्य; व्यवस्थेचा खर्च देणग्यांतून भागतो. अर्थात नोंद दुधारी असते, चुकलेला हप्ताही कळविला जातो. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून, अशी लहान बिनव्याजी कर्जे देणाऱ्या सेवाभावी संस्थांना सावकारीच्या परवान्यातून सूट दिली. दोन वर्षांनी किन्योनेस यांना मॅकआर्थर प्रतिष्ठानाची अधिछात्रवृत्ती मिळाली.

पैशाचा प्रश्न असा थोडा सुटला तरी स्वयंपाकघराचा उरतोच. विकावयाचे अन्न आरोग्यखात्याने मान्य केलेल्या जागेत शिजविले पाहिजे, असा सर्वसाधारण नियम. तशी जागा, धुराडे, शीतगृह आणि सांडपाण्याची सोय यांचा खर्च टोपलीवालीच्या आवाक्याबाहेरचा. त्याच मिशन भागात २००५ साली ला कोसिना या संस्थेने एक सामाईक स्वयंपाकघर उघडले. स्थलांतरित स्त्रिया तेथे तासांच्या हिशेबाने ओटा घेतात. पदार्थाची किंमत कशी लावावी, हेही तेथे शिकावे लागते. कारण घरी रांधणारी बाई पिठाचा आणि तेलाचा हिशेब धरते, आपल्या श्रमांचा मात्र धरत नाही, आणि विक्री वाढते तसतशी ती अधिकच बुडत जाते. सगळेच बेत साधले असेही नव्हे. याच संस्थेने २०२१ मध्ये शहराच्या टेंडरलॉइन भागात या स्त्रियांच्या दुकानांची मंडई थाटली. महामारीनंतर कचेऱ्यांतील गर्दी परतली नाही आणि २०२३ मध्ये ती ग्राहकांसाठी बंद करावी लागली.

हजार-दोन हजार डॉलरांत गाळा उघडत नाही, हेही खरे. त्या रकमेतून एखादे मोठे पातेले येते, गाडीची दुरुस्ती होते, परवान्याची फी भरली जाते. पुढच्या पायरीवर सरकारी लघुउद्योग प्रशासन आहे. १९५३ साली स्थापन झालेले हे खाते १९९२ पासून सेवाभावी संस्थांमार्फत सूक्ष्म कर्जे देऊ लागले. त्यांची मर्यादा पुढे पन्नास हजार डॉलरांपर्यंत गेली. परंतु सरकारी पैशाबरोबर सरकारी अटी येतात. २०२५ मध्ये या खात्याने आपल्या हमीच्या कर्जांसाठी नागरिकत्वाचे नियम पुष्कळ कडक केले. उलट करखाते १९९६ पासून कागदपत्रे नसलेल्यांनाही कर भरण्यासाठी क्रमांक देत आले आहे. कर घेताना ज्याची ओळख पटते, तोच मनुष्य कर्ज मागताना अनोळखी ठरतो. अशा स्त्रीला दरमहा शंभर डॉलरांचा हप्ता भरून तीन संस्थांच्या वहीत आपले नाव एकेक ओळ लिहवून घेता येते. मंडळ पुरे झाले की पुष्कळ जणी दुसऱ्या मंडळात नाव घालतात.