हवा अडली कुठे?

नगरमधल्या नेप्ती नाक्याच्या पुढे, कल्याण रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये एक रिकामी पिकअप उभी आहे. मे महिन्याची दुपार आहे. उन्हाळी कांद्याचा हंगाम जोरात आहे आणि गाडीच्या हौद्यात सुकी फोलपटं भिरभिरताहेत. पंचविशीतला ड्रायव्हर दोन्ही दारं सताड उघडून बाहेर थांबलाय. त्याचा शर्ट पाठीला चिकटलाय.

"मामा, जाळीतून हवाच येईना. आधी ब्लोअर एकवर, दोनवर बंद पडला. मग तीनही गेला. नुसता चारवर चालायचा. काल जळका वास आला अन् तोही गेला."

वायरिंगचं काम करणारे मामा सगळं ऐकून घेतात. मग फ्यूजचं झाकण काढून ब्लोअरचा फ्यूज चिमट्यानं ओढतात आणि उजेडात धरतात. आतली पट्टी वितळलीय.

"वीसचा उडतोय, तर तीसचा टाका ना."

"अजिबात नाही. तीसचा टाकला तर फ्यूज राहील अन् वायर जळेल. मोटर एवढा करंट का ओढतीय, ते आधी बघू."

ते वीसचाच नवा फ्यूज बसवतात, चावी फिरवतात आणि नॉब चारवर नेतात. आतून नुसता गुरगुरण्याचा आवाज येतो, पातं काही फिरत नाही. ते लगेच नॉब बंद करतात आणि डाव्या बाजूला पायाजवळ आडवे होतात. मोटरच्या वायरींचा कपलर सुटतो. त्याचं प्लॅस्टिक एका पिनेपाशी तपकिरी पडलंय. तीन स्क्रू निघतात आणि मोटर पात्यासकट हातात येते.

पात्याच्या फटी दिसतच नाहीत. कांद्याची फोलपटं, लिंबाचा वाळका पाला आणि रस्त्याची धूळ यांचा घट्ट थर बसलाय. समोरच्या काचेखालच्या जाळीतून गाडी बाहेरची हवा ओढते. रोज कांद्याच्या ढिगांतून फिरणाऱ्या गाडीत त्याच वाटेनं हे सगळं आत आलंय.

मग मामा रेझिस्टन्स काढून ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवतात. त्याची तार काळी पडलीय.

"एक, दोन, तीन या वेगांचा करंट ह्याच्यातून जातो. चारचा थेट मोटरला जातो, म्हणून तुझा चारच चालू राहिला. हा तापतो, म्हणून कंपनी ह्याला हवेच्या वाटेतच बसवते. ब्लोअरची हवाच ह्याला गार ठेवते. पातं भरलं, हवा कमी झाली, अन् हा जळला. नुसता नवा टाकला असता तर तोही जळाला असता."

जळालेला भाग बदलून देणं पाच मिनिटांचं काम आहे. तो का जळाला हे शोधायला मामांनी मोटर पात्यासकट बाहेर काढलीय आणि माझ्या मते खरी दुरुस्ती हीच आहे.

ब्रशनं थर खरवडला जातो, मग कम्प्रेसरची हवा मारली जाते. मोकळं पातं बोटाच्या धक्क्यानं सहज फिरतं. मोटर थेट बॅटरीला लावून तपासली जाते. नवा रेझिस्टन्स आणि नवा कपलर बसतो.

"एवढं ऊन सहन करतोच की आम्ही," ड्रायव्हर मला सांगतो, "पण पावसाळ्याची भीती वाटते. मागच्या वर्षी माळशेज घाटात काच आतून पांढरी झाली. एका हातात स्टेअरिंग, एका हातात फडकं. समोरचं वळण दिसंना."

श्वासातला ओलावा गार काचेवर धरतो आणि तो घालवायला काचेवर वारा लागतो. ऊन आणि हा ओलावा, दोन्हींवर एसी हा उपाय आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, पण हा नियम साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे. ही पिकअप त्यात येत नाही. नगरचा शेतमाल वाहणाऱ्या अशा कितीतरी चालकांना हा साधा ब्लोअरच आधार आहे. त्याला चैनीची वस्तू समजणं चूक आहे.

मामा नॉब फिरवतात. एक, दोन, तीन, चार, सगळे वेग चालतात. मग हवेचा दांडा काचेच्या खुणेवर नेऊन ते कागदाचा कपटा डॅशच्या वरच्या फटीशी धरतात. कपटा फडफडतो. शेवटी बॉनेट उघडून हवा आत जाते त्या तोंडावर ते तारेची जाळी बसवतात.

"ही दर पंधरा दिवसांनी झाडायची. बुजली तर पुन्हा तेच होणार."

ड्रायव्हर मान डोलावतो, पैसे देतो आणि गाडीत बसण्याआधी फोन लावतो. "तुझ्या गाडीचा ब्लोअर एकवर चालतो का रे? नुसता चारवर? मग थांबू नको. पाऊस लागायच्या आत इकडं घेऊन ये."