जर्बिल : उंदरांच्या गोतातील एक निराळी शाखा

खालापूर व कर्जत तालुक्यांत भातकापणी आटोपली की खाचरांच्या बांधांवरील बिळे उघडी दिसू लागतात. कातकरी बांधव ती खणून उंदीर व त्यांनी साठविलेल्या लोंब्या बाहेर काढतात. हा साठा करणारी बहुधा लहान घूस असते. आपण मात्र शेतात दिसणाऱ्या साऱ्यांनाच ‘उंदीर’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यांच्यात फार प्राचीन काळी परस्परांपासून विभक्त झालेल्या शाखा आहेत. कोरडी, निचऱ्याची जमीन पसंत करणारा भारतीय जर्बिल हा अशाच एका शाखेचा प्रतिनिधी होय.

त्याचे डोळे मोठे, मागचे पाय लांब आणि लांब शेपटीच्या टोकाशी केसांचा झुपका असतो. वरच्या प्रत्येक पटाशीच्या दातावर उभी खाच असते. घुशीच्या दातावर ती नसते.

शास्त्रज्ञांनाही त्याचे गोत्र लवकर उमगले नाही. 1807 मध्ये टॉमस हार्डविक यांनी लांब पाय पाहून त्याला वाळवंटी जर्बोआच्या वंशात घातले. पुढे जर्बिलांची गणना हॅम्स्टरच्या कुलात होऊ लागली. काहींनी त्यांचे स्वतंत्र कुल मानले. गेल्या काही दशकांत आनुवंशिक द्रव्याची तुलना शक्य झाली, तेव्हा जर्बिल हे मूषक कुलातीलच एक उपकुल ठरले. त्यांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील काटेरी केसांचे उंदीर. गंमत अशी की, आपल्याकडील काटेरी केसांचा शेतउंदीर त्या गोतातला नव्हे. तो घरातल्या लहान उंदराचा सोयरा. काटे दोहोंकडे स्वतंत्रपणे आले. पूर्वी ‘टॅटेरा’ वंशात आफ्रिकेतील अनेक जातीही मोडत. त्या आता वेगळ्या काढल्या असून या वंशात भारतीय जर्बिल ही एकच जाती उरली आहे.

ग्रामपंचायतीला या वंशावळीचे काय, असे कोणी विचारील. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरातले उंदीर पटापट मेले. जर्बिलांमध्ये मात्र या रोगाला बराच प्रतिकार आढळतो. बाल्टाझार व बहमान्यार यांनी 1960 मध्ये असे प्रतिपादन केले की, भारतात रानातील संसर्ग टिकवून धरणारा प्राणी हाच असावा. शेत व घर यांमध्ये वावरणाऱ्या उंदरांच्या पिसवांमार्फत तो संसर्ग वस्तीत येऊ शकतो. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची साथ उद्भवली होती.

म्हणूनच घरात वा गोठ्यात एकाएकी अनेक उंदीर मरून पडल्यास त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. प्लेगचा संशय असताना उंदीर मारण्याची घाई करू नये. आधी पिसवांचा नाश करावा लागतो, कारण मेलेल्या उंदराला सोडून पिसवा माणसाकडे वळतात. शाळेत वा पंचायतीत उंदरांविषयी नोंद ठेवताना बीळ बांधात होते की माळावर, शेपटीला झुपका होता की नव्हता, एवढे दोन तपशील जरूर लिहावेत.