चोवीस दारांमागचा नाताळ

फुलसावंगी (जि. यवतमाळ) : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भातील अंगणांत भुलाबाईची गाणी रंगतात. गाणी आटोपली, की झाकलेला डबा पुढे येतो. मुली तो हलवून पाहतात, आवाजावरून अंदाज बांधतात, चुकतात, हसतात. आणि खाऊ ओळखल्यावरच डबा उघडतो. महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावांत ज्यांचे बालपण गेले, त्या स्त्रियांना डब्यात काय होते हे आज कदाचित आठवणार नाही. ते ओळखण्याची धांदल मात्र आठवत असेल.

नेमकी हीच गंमत युरोपातील घरे नाताळापूर्वीचे चोवीस दिवस अनुभवतात. तिचे नाव 'ॲडव्हेंट कॅलेंडर'. एका जाड पुठ्ठ्यावर चोवीस छोटी दारे असतात. १ डिसेंबरला पहिले दार उघडायचे आणि २४ तारखेला शेवटचे. प्रत्येक दारामागे एखादे चित्र, चॉकलेट किंवा चिमुकली भेट दडलेली असते. नियम एकच, उद्याचे दार आज उघडायचे नाही.

खडूच्या रेघा ते पुठ्ठ्याची दारे

'ॲडव्हेंट' म्हणजे आगमन. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या या पर्वाला मराठी ख्रिस्ती समाजात 'आगमनकाळ' म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्यामुळे पर्वाचे दिवस दरवर्षी कमीअधिक होतात. घरगुती कॅलेंडर मात्र सोयीसाठी १ डिसेंबरपासूनच सुरू होते.

ही प्रथा जर्मनीतील प्रोटेस्टंट घरांत एकोणिसाव्या शतकात रुजली. 'नाताळ केव्हा?' या मुलांच्या रोजच्या प्रश्नाला आईवडिलांनी शोधलेले ते उत्तर होते. काही घरांत दारावर खडूने चोवीस रेघा ओढीत आणि मुले रोज एक रेघ पुशीत. काही ठिकाणी भिंतीवर रोज एक चित्र लागे. कॅथलिक घरांत गव्हाणीत रोज एक काडी गवत ठेवण्याची रीत होती. बाळ येशूसाठी अंथरूण मऊ होत जाई आणि दिवसही मोजले जात.

छापील कॅलेंडरचे श्रेय सामान्यतः गेरहार्ड लांग या जर्मन प्रकाशकाला देतात. त्याच्या लहानपणी आई पुठ्ठ्यावर चोवीस गोड पदार्थ लावून देत असे. त्या आठवणीतून त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात म्युनिक येथे रंगीत कॅलेंडरे छापली. उघडणारी दारे १९२० च्या सुमारास आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई आणि नाझी राजवटीचा ख्रिस्ती प्रतीकांना असलेला विरोध यांमुळे ही परंपरा खंडित झाली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, श्टुटगार्ट येथे रिचर्ड झेलमर यांनी ती पुन्हा सुरू केली. पुढे चॉकलेट आले. ब्रिटनमध्ये कॅडबरीचे पहिले ॲडव्हेंट कॅलेंडर १९७१ मध्ये निघाले. आज सौंदर्यप्रसाधनांपासून खेळण्यांपर्यंत सर्व प्रकारची महागडी कॅलेंडरे बाजारात मिळतात. आईच्या पुठ्ठ्यापासून निघालेली ही वाट दुकानाच्या काचेपर्यंत पोहोचली आहे.

आपल्याकडील प्रतीक्षा

यवतमाळ जिल्ह्याला नाताळ परका नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत येथेच होती. तथापि, महाराष्ट्र आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत वाट पाहण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. वसईत आबालवृद्ध मिळून नाताळचा गोठा उभारतात. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांची तयारी आधीपासून चालते आणि फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात. अनेक चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रावर दर रविवारी एक अधिक मेणबत्ती उजळते. रीत कोणतीही असो, सण उंबरठ्यावर येण्याआधी त्याची चाहूल रोज थोडी थोडी घेणे, हेच तिचे मर्म आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील हादग्यातही रोज एक गाणे वाढते आणि सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात. मुलांना दिवसांची गणती शिकवायची तर ती अशी, हे आपल्या आजीपणजींना पुरते ठाऊक होते.

घरच्या घरी

म्हणूनच असे कॅलेंडर विकत आणण्याची गरज नाही. रिकाम्या चोवीस आगपेट्या एकमेकींना चिकटवल्या, की चोवीस खणांचे छोटे कपाट तयार होते. प्रत्येक खणावर आकडा लिहावा. आगपेट्या नसतील तर कागदी पाकिटे दोरीवर चिमट्यांनी टांगावीत. आत चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, रंगीत मणी, जुना कौटुंबिक फोटो असे काहीही चालते. काही खणांत केवळ चिठ्ठी असावी : 'आज आजीला फोन', 'आज सर्वांनी मिळून कंदील करायचा', 'आज बाबा गोष्ट सांगणार'. मुलांना बहुधा अशाच चिठ्ठ्या अधिक काळ लक्षात राहतात.

पथ्ये दोन. पहिले, खण उघडण्याची वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी घरातील सर्वांनी एकत्र यावे. दोन भावंडे असतील तर एक दिवसाआड पाळी द्यावी; थांबणे आणि दुसऱ्याच्या आनंदात सामील होणे, दोन्ही त्यातून आपोआप साधते. दुसरे, भेटी दिवसागणिक मोठ्या करीत जाऊ नये. अन्यथा वाट सणाची न राहता वस्तूची होते.

गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये 'उलटे' कॅलेंडरही रूढ होत आहे. त्यात रोज काही घ्यायचे नसते, तर एका खोक्यात रोज एक वस्तू टाकायची असते आणि भरलेले खोके गरजूंसाठी अन्नपेढीला द्यायचे असते. आपल्याकडे त्यात वही, पेन्सिल, तूरडाळीची पुडी, लहानसा स्वेटर असे काहीही पडू शकेल.

मागितलेली वस्तू आज घटकाभरात दारात येते. मुलाला वाट पाहण्याचा प्रसंगच उरलेला नाही. विदर्भातही भुलाबाईचा महिना अनेक ठिकाणी आक्रसून कोजागरीच्या एका रात्रीवर आला आहे. अशा वेळी ख्रिस्ती घराने डिसेंबरात चोवीस आगपेट्या मांडाव्यात आणि शेजारच्या घराने भाद्रपदात पुन्हा खाऊचा डबा झाकावा. डब्यात काय आहे याला फारसे महत्त्व नाही. तो उघडण्यापूर्वी घरातली सगळी माणसे त्याच्याभोवती जमली पाहिजेत.