कागदी रुमालातली कवळी

पाहुण्यांची कोणती वस्तू शोधताना जीव सर्वांत जास्त टांगणीला लागतो, असं हॉटेलच्या हाउसकीपिंगमधल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. तो दागिन्यांआधी कवळीचं नाव घेईल. रात्री आजोबा ती कागदी रुमालात गुंडाळून बेसिनपाशी ठेवतात, सकाळी घरातलंच कुणीतरी चुरगळलेला कागद समजून डब्यात टाकतं. श्रवणयंत्रं, कुड्या, मुलांच्या दातांच्या तारा अशाच जातात.

गैरसमज : डब्यात गेलं ते टाकलेलं, ज्याला सापडेल त्याचं.

वस्तुस्थिती : चुकून टाकल्याने मालकी सुटत नाही. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती ठेवीसारखी सांभाळण्याची जबाबदारी येते, असं १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ सांगतं. मालकाचा वाजवी शोध न घेता ती बेइमानीने स्वतःकडे ठेवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होऊ शकतो. खोलीत कोण उतरलं होतं हे तर हॉटेलच्या नोंदीतच असतं.

गैरसमज : वस्तू मिळाली नाही, म्हणजे रूम बॉयनेच लंपास केली.

हा आळ मला फार लागतो, कारण तो सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येतो. खोली रिकामी झाली की चादरी, अभ्रे लॉन्ड्रीच्या पोत्यात जातात आणि डब्यातली पिशवी गाठ मारून ट्रॉलीवर. मजल्यावरच्या सगळ्या पिशव्या कचराखोलीत एकत्र झाल्या की कुठली कुठल्या खोलीतली, हे ओळखणं कठीण. मग हातमोजे घालून, चहाचा चोथा, ओले टिश्यू आणि वापरलेली ब्लेडं बाजूला सारत एकेक पिशवी उपसायची. पालिकेची गाडी येऊन गेली असेल, तर तेही हातात राहत नाही. म्हणून घरी पोचून बॅगा रिकाम्या करेपर्यंत थांबू नका, आठवलं त्या क्षणी फोन करा. ‘माझी कवळी राहिली’ एवढंच सांगून भागत नाही. खोली क्रमांक, ती कशात गुंडाळली होती, शेवटची कुठे ठेवली होती, हेही सांगा. शोधणाऱ्याला कवळी दिसत नसते, कागदाचा बोळा दिसत असतो.

गैरसमज : सापडलं असतं तर हॉटेलने स्वतःहून कळवलं असतं.

अनेक हॉटेलं मुद्दाम घरी फोन करत नाहीत. पाहुणा इथे राहिला होता, हे घरच्यांना ठाऊक असेलच असं नाही; त्याचं खासगीपण जपणं हा कामाचाच भाग आहे. वस्तूची नोंद रजिस्टरात होते, मौल्यवान असेल तर ती कुलपात जाते आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत सांभाळली जाते. मुदत हॉटेलागणिक वेगळी, खाण्याच्या पदार्थांची तर अगदी थोडी. तेव्हा विचारायचं आपणच.

त्या नोंदीत तारीख आणि खोलीबरोबर वस्तू कुणाला सापडली, त्याचंही नाव लिहिलेलं असतं. कवळी परत मिळाली की ते नाव विचारून घ्या आणि मॅनेजरला दोन ओळी लिहून पाठवा.